झाकलेल्या नावाचा पूल

बोर्डाला काळं फासलं की लोकांना वाटतं, आता नवा बोर्ड करावा लागणार. तसं काही नसतं. डांबर असेल तर रॉकेल, ऑइलपेंट असेल तर थिनर, आणि नुसती शाई असेल तर साबणाचं पाणीसुद्धा पुरतं. घाईघाईत फासणारे बहुतेक शाईच आणतात, ती खिशात मावते. डांबर आणणारा माणूस तयारीनं आलेला असतो. म्हणून बोर्ड पुसायला गेलो की मी आधी तो हुंगायचो. काय फासलंय त्यावरून कळायचं, ही मंडळी पुन्हा येणार आहेत की नाही. पनवेल आणि आसपासच्या भागात माझं अर्धं आयुष्य या हुंगण्यात गेलं.

माझा धंदा पाट्यांचा. सुरुवात ब्रश आणि इनॅमलच्या डब्यांनी झाली म्हणून लोक अजून 'विलास पेंटर' म्हणतात. खरं तर शेवटची कित्येक वर्षं मी ब्रश हातात धरला नव्हता. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे माझं वर्कशॉप होतं. अँगल तिथेच मिळायचे, वेल्डर तिथेच, टेम्पोही दारात. पत्र्यावर गाडीच्या दिव्यात चमकणारा कागद चिकटवायचा, मशीनवर अक्षरं कापायची, मागून लोखंडी चौकट ठोकायची आणि नेऊन उभं करायचं, एवढाच हा धंदा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्यांवर घर चालायचं. धावपळ असायची ती सरकारी नावांची. चौक, रस्ता, बाग, पूल, अगदी स्मशानातली शेडसुद्धा. भातशेती जाऊन सेक्टर आले आणि सेक्टरना नुसते नंबर मिळाले. नंबरावर कुणाचा जीव जडत नाही. त्यामुळे एखादा मोकळा चौक दिसला की कुणाच्या ना कुणाच्या मनात नाव तयार असायचंच.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका पुढाऱ्यानं बागेला एका थोर माणसाचं नाव दिलं आणि खाली स्वतःचं, 'संकल्पना' म्हणून. डिझाइन बघायला आले तर म्हणाले, खालची अक्षरं जरा मोठी करा. केली. म्हणाले, अजून. शेवटी थोर माणूस बारीक झाला आणि संकल्पना लठ्ठ झाली. मी विचारलं, "साहेब, बाग कुणाची? त्यांची की तुमची?" ते शांतपणे म्हणाले, "त्यांचीच. पण बांधली मी." दुसऱ्या एकानं एकाच चौकासाठी दोन वेगवेगळ्या नावांचे बोर्ड करून घेतले. सभेत कुठल्या बाजूनं मतं पडतील याचा अंदाज नव्हता. "जो पास होईल तो लावा, दुसरा ठेवून द्या, पुढच्या निवडणुकीत लागेल," म्हणाले. आणि लागला!

नाव ठरवणारे हॉलमध्ये खुर्चीवर असतात, नाव लावणारा शिडीवर असतो, एवढाच काय तो फरक. तो किती मोठा असतो ते एका कामानं मला शिकवलं. त्यानंतर बोर्डाची ऑर्डर आली की मी मापं विचारायच्या आधी विचारायला लागलो, खाली कोण उभं राहणार आहे?

उरणच्या अंगाला खाडीचा एक फाटा आडवा येतो. अलीकडे नवे सेक्टर, पलीकडे जुना कोळीवाडा. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली दोन्ही बाजूंची माणसं आता पुन्हा एकमेकांच्या लग्नांना जातात, त्यात मला बिब्बा घालायचा नाही. पूल व्हायच्या आधी तिथे होडी चालायची आणि ती हिराबाई नावाची कोळीण वल्हवायची. शाळेची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, अडलेल्या बाळंतिणी, सगळ्यांना तिनंच अलीकडे आणलं. त्या जागेला लोक हिराबाईचा उतार म्हणायचे. बाई गेली, होडी चिखलात कुजली, तरी पनवेलच्या स्टँडवर रिक्षावाल्याला 'हिराबाईचा उतार' म्हटलं की तो पुढचं काही विचारायचा नाही.

तिथे पूल झाला. तो व्हावा म्हणून त्या भागाचे पुढारी दामोदरशेठ यांनी मुंबईच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, हेही तितकंच खरं. पूल पुरा व्हायच्या आधी ते गेले. मुलगा किरणशेठ पुढे आला, त्याच्या पक्षाची तेव्हा सत्ता होती, आणि नावाचा ठराव झाला: 'कै. दामोदरशेठ सेतू'. कोळीवाड्यानं हरकत घेतली, निवेदनं दिली, मोर्चा काढला. कुणी दाद दिली नाही. उद्घाटनाला मंत्री यायचं ठरलं आणि पुलाच्या तोंडाशी उभारलेल्या लोखंडी कमानीवरचा बोर्ड माझ्याकडे आला.

बोर्ड वर्कशॉपमध्ये जमिनीवर पसरलेला होता, अक्षरं नुकतीच चिकटवली होती, तेव्हा वेणूमावशी आली. वेणूमावशी हिराबाईची सून. पनवेलच्या बाजारात मासे घेऊन बसायची. माझी बायको वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घ्यायची; पापलेट ताजं नसलं तर मावशी स्वतःच म्हणायची, आज नको. बरोबर वाडीतल्या दोघी होत्या. चपला दाराशी काढून ती आत आली, वाकून एकेक अक्षर बोटानं वाचलं.

"पेंटर, ह्यो आमच्या पुलाचा ना?"

"हो, मावशी."

"मंग ह्यात हिराबाय कुटं हाय?"

मी म्हणालो, "मावशी, नाव वरून ठरून येतं. मी नुसता बनवतो."

"आनि मी नुसती इकते," ती म्हणाली. "मासली दर्यातून येते. पन सडकी निगाली तर बायका शिव्या दर्याला देतात का मला?"

चहा मागवतो म्हटलं तर नको म्हणाली. जाताना दाराशी थांबून तिनं विचारलं, "उद्या लावनार?"

"हो. दुपारी."

"लाव. आमी पन येनार. कमानीखाली बसनार." आवाजात धमकी नव्हती, राग नव्हता. उद्या बाजारात बसणार नाही, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मला त्याचीच भीती वाटली.

मी किरणशेठला फोन करून ते कानावर घातलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही पाटीचं बघा, माणसांचं मी बघतो. बंदोबस्त आहे."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या दुपारी, जेवणं उरकून आम्ही पुलावर पोचलो. भरती चढत होती आणि खाडीवरून भन्नाट वारा होता. माझ्याबरोबर क्रेन, तिचा ऑपरेटर आणि माझा फिटर सलीम. सलीम पनवेलचाच, माझ्याकडे लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं नव्हतं. उंचीवर त्याच्याइतका निवांत माणूस मी पाहिला नाही. कमानीवर बसून तो शांतपणे तंबाखू मळायचा.

असा बोर्ड चढवायची एक रीत असते. क्रेनच्या हुकाला पट्टा लावून तो उचलायचा. कमानीवर बसलेला फिटर बोर्ड ओढून भोकं जुळवतो, वरचे बोल्ट सारतो, नट बोटांनीच फिरवून ठेवतो, मग खालचे सारतो, आणि सगळे बसले की पान्यानं आवळत येतो. चारही कोपरे आवळल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. मधला वेळ सगळ्यात वाईट. तेव्हा बोर्ड ना जमिनीवर असतो, ना कमानीवर.

नेमक्या त्या मधल्या वेळात बायका आल्या.

वाडीच्या बाजूनं चालत आल्या, टोपल्या उलट्या घातल्या आणि कमानीच्या बरोबर खाली, रस्त्यावर बसल्या. म्हाताऱ्या पुढे, तरण्या मागे. घोषणा नाहीत, काही नाही. वेणूमावशी मधोमध. सलीमनं तोवर वरचे दोन बोल्ट सारले होते, नट नुसते बोटांनी फिरवलेले होते. खालची भोकं मोकळीच होती.

मी धावत गेलो. "मावशी, इथून उठा. बाजूला बसा हवं तर. बोर्ड अजून पक्का नाही."

"मंग पक्का नको करू. उतरव."

तेवढ्यात सेक्टरच्या बाजूनं मोटरसायकली आल्या. किरणशेठची माणसं, झेंडे, 'दामोदरशेठ अमर रहे'. पोलीस दोन्हींच्या मध्ये उभे राहिले. त्या मानानं फारच थोडे होते. पोरं बायकांना काहीबाही बोलली. वाडीचे पुरुष इतका वेळ लांब होते, ते पुढे सरकले. पहिला दगड कुठून आला ते मला माहीत नाही. नंतर चौकशीत विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं. तो क्रेनच्या काचेवर बसला. काच फुटली, ऑपरेटर उडी मारून खाली उतरला आणि तिवरांच्या झाडीच्या दिशेनं पळत सुटला.

क्रेन चालू, तिचा लांब दांडा, बूम, वर, हुकाला बोर्ड आणि आत कुणी नाही! त्यात दोन-तीन पोरं झेंडा घेऊन क्रेनवर चढली आणि नाचायला लागली. खाली त्यांनी पाय आपटला की वर बोर्डाला हिसका बसायचा. दुसरा दगड कमानीवर लागला. तिसरा सलीमच्या मनगटावर. त्याच्या हातातला पाना खाली पडला, एका बाईच्या टोपलीशेजारी. ती दचकली, पण उठली नाही.

"भाई!" वरून सलीम ओरडला. मी त्याला आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "नट फिरतोय! खुदा के वास्ते त्या पोरांना उतरवा!"

वारा बोर्डाच्या मागे शिरत होता. प्रत्येक झुळकीला तो पतंगासारखा फुगायचा आणि परत कमानीवर आपटायचा. बोटांनी फिरवलेला नट अशा थरथरीनं उलटा फिरतो. एक निसटला की सगळा भार दुसऱ्यावर, आणि मग तो पत्रा सुरीसारखा तिरपा खाली येणार. खाली किती बायका होत्या ते मी मोजलं नाही. मोजवलं नसतं.

बंदोबस्ताचे इन्स्पेक्टर घामाघूम होऊन माझ्यापाशी आले. "पेंटर, काढा तो बोर्ड आधी!"

किरणशेठ त्यांच्या मागेच होता. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता, पण म्हणाला, "साहेब, बोर्ड उतरला तर ही पोरं माझ्या हातात राहणार नाहीत."

"आणि लावला तर त्या बायका उठणार नाहीत. काढायला किती वेळ लागेल, पेंटर?"

"लावायला लागेल तेवढाच," मी म्हणालो. "पण आधी पोरं क्रेनवरून उतरायला हवीत, आणि ऑपरेटर परत यायला हवा. नाहीतर दोन्ही होणार नाही. बोर्ड आपला आपणच खाली येईल."

इन्स्पेक्टरनी किरणशेठकडे पाहिलं. त्याची खरी परीक्षा तेव्हा होती, असं मला आज वाटतं. तो गेला, आणि क्रेनवरच्या पोराच्या पायाला धरून त्यानं त्याला खाली खेचलं, कानाखाली वाजवली. बाकीची आपण होऊन उतरली. एक हवालदार तिवरांत जाऊन ऑपरेटरला समजावून घेऊन आला. तो रडत होता. मी त्याला म्हटलं, "राजा, काही करू नकोस. नुसता बस आणि पट्टा ताणून धर." तो बसला.

आता बोर्ड जरा धीरानं लटकत होता. पण पुढे काय? मी बायकांत जाऊन वेणूमावशीसमोर उकिडवा बसलो. डोक्यावर बोर्ड कुरकुरत होता.

"तू कोनाचा मानूस हायस?" तिनं विचारलं. "त्यांचा का आमचा?"

"आत्ता मी सलीमचा माणूस आहे, मावशी. तो वर आहे. त्याचा हात गेलाय."

तिनं मान वर केली. सलीम एका हातानं कमान धरून, दुसरा छातीशी आवळून बसला होता. मला पर्याय सुचला तो तेव्हाच. हुशारीनं नाही, घाबरून.

"मी बोर्ड पक्का करतो, कारण नाही केला तर तो कुणाचा तरी जीव घेईल. पण त्याच्यावर आत्ताच्या आत्ता ताडपत्री बांधतो. नाव दिसणार नाही."

"आनि उद्या मंत्री आल्यावर?"

"मी ताडपत्री काढणार नाही. माझा माणूस काढणार नाही. शब्द देतो."

"दुसऱ्या कोनी काडली तर?"

"ते माझ्या हातात नाही, मावशी. तो शब्द मी देऊ शकत नाही."

मला वाटतं, या शेवटच्या वाक्यावर ती उठली. मी सगळंच कबूल केलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. "चला गो," ती म्हणाली, "कडेला बसू. वरचा पोर उतरू दे आदी." बायका कमानीखालून उठून कठड्याशी बसल्या. किरणशेठला मी सांगितलं, अनावरणासाठी कापड तर उद्या लागणारच होतं, ते आज बांधतोय. त्यानं मान हलवली. त्यालाही तेवढंच हवं होतं. पोरांना सांगायला काहीतरी.

सलीमनं उरलेले बोल्ट एका हातानं सारले. पाना दोरीनं वर पाठवला, तोही त्यानं डाव्या हातानं आवळला. टेम्पोतली निळी ताडपत्री त्यानं बोर्डावर गुंडाळली, दोरीची गाठ दातांनी ओढली आणि मग उतरला. खाली आल्यावर क्रेनच्या चाकाला टेकून बसला आणि म्हणाला, "भाई, पाणी." मनगटाचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण दोन बोटं पूर्ण सरळ झाली नाहीत. मी काम बंद करेपर्यंत तो माझ्याकडे होता. कमानीवर मात्र पुन्हा तंबाखू मळली नाही.

मंत्री आलेच नाहीत. तातडीची बैठक निघाली म्हणे. पूल तसाच, फीत न कापता सुरू झाला. गाड्यांना फितीची काय गरज? ताडपत्रीला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. पाठोपाठ आचारसंहिता लागली. त्या काळात पुढाऱ्यांची नावं असलेल्या पाट्या झाकाव्याच लागतात, त्यामुळे आमची ताडपत्री आपोआप कायदेशीर झाली. मग निवडणुका झाल्या, मग पाऊस आला. खाडीवरचा वारा आणि ताडपत्री यांची कुस्ती किती दिवस चालणार? डाव्या कोपऱ्यात ती फाटली आणि नावातलं पहिलंच अक्षर बाहेर आलं, 'कै.' तेवढंच. बाकी सगळं निळं.

लोकांना विषयच मिळाला. पुलाला आधीच कैलासवासी केलं, म्हणाले. रिक्षावाले 'कै. पुलावर' जायचं का, असं विचारायला लागले. सेक्टरमधल्या ऑफिसला जाणाऱ्या मंडळींनी फोटो काढून एकमेकांना पाठवले. कोळीवाड्यातली पोरं हसली, आणि खरं सांगायचं तर किरणशेठची पोरंही हसली.

एका सकाळी किरणशेठ वर्कशॉपवर आला. एकटा, गाडी स्वतः चालवत. अँगलच्या ढिगावर बसला.

"काका, बाबांचं नाव चिंध्यांत गुंडाळून टांगलंय. रोज त्याच रस्त्यानं जावं लागतं मला. आई तर त्या बाजूला जायचंच सोडून बसलीय. उतरवता?"

मी म्हणालो, "उतरवतो. पण ताडपत्री काढणार नाही, असा माझा शब्द आहे. विचारावं लागेल."

"कुणाला, वेणूबाईंना?" तो जरासा हसला. "विचारा. तुम्हाला माहितीय का, बाबा शाळेला हिराबाईंच्या होडीतूनच जायचे. एकदा भर पावसात होडी कलंडली, तेव्हा त्यांनी बाबांना केसांना धरून वर काढलं होतं. बाबा नेहमी सांगायचे. पोरांनी असं पाण्यातून जायला नको, म्हणून तर ते पुलाच्या मागे लागले."

मग तोच म्हणाला, "नाव बाबांनी नव्हतं मागितलं. मी मागितलं. ते गेल्यावर करण्यासारखं दुसरं काय होतं माझ्या हातात?"

हे मी वेणूमावशीला बाजारात जाऊन सांगितलं. ती बोंबील निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही. मग म्हणाली, "सासूनं केसाला धरून काडला, त्याचाच पोर ना? मंग त्याला आमी पान्यात ढकलनार नाय. कापडासकट उतरव. दोरी सोडू नको. नाव उगडं पडता कामा नये त्याच्या बापाचं."

बोर्ड उतरवायला गेलो तेव्हा किरणशेठच्या पक्षातले काहीजण येऊन उभे होते. शेठनं शेपूट घातली, असं मोठ्यानं बोलत होते. पोलीस होते. वाडीच्या बायकाही आल्या, पण कठड्यापाशीच थांबल्या. बोल्ट खाऱ्या वाऱ्यानं गंजून जाम झाले होते, ग्राइंडरनं कापावे लागले. प्रत्येक ठिणगीबरोबर मी दोन्ही बाजूंकडे बघत होतो. पट्टा ताणला, बोर्ड सुटला, हळूहळू खाली आला. फाटक्या कोपऱ्यातलं ते 'कै.' दिसत होतं. किरणशेठनं पुढे येऊन स्वतःच्या खांद्यावरचा पंचा त्यावर टाकला. कुणी घोषणा दिली नाही. बोर्ड टेम्पोत चढला आणि किरणशेठ टेम्पोबरोबर घरी निघून गेला. पुढे त्यानं वाडीच्या शाळेला एक खोली बांधून दिली, तिच्यावर वडिलांचं नाव आहे. ती पाटी मीच केली, लहानशी, हातानं ब्रशनं. त्याला मशीनची अक्षरं नको होती.

कमान बरीच वर्षं रिकामी राहिली. सत्ता बदलली, वाडीनं पुन्हा निवेदन दिलं आणि या वेळी ठराव झाला. बोर्डाचं काम मला मिळालं नाही. निविदा कुठल्या तरी बाहेरगावच्या कंपनीनं भरली होती. मी तोवर काम बंदच करत आणलं होतं, तरी वाईट वाटलं. वाटायचंच. ती कमान, ती भोकं, त्यांतलं अंतर मला पाठ होतं.

बोर्ड लागल्यावर वेणूमावशीनं निरोप पाठवला, घेऊन चल. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बाजारात बसणं सुटलं होतं. मी तिला रिक्षानं पुलावर नेलं. माझा दंड धरून ती कमानीच्या अलीकडे उभी राहिली. गाड्या वेगात जात होत्या.

"निलं दिसतंय," ती म्हणाली. "अक्षरं लागत नाय. वाच."

मी मान वर केली आणि वाचता वाचता थांबलो.

"काय रं? चूक हाय का काय?"

"नाव बरोबर आहे, मावशी. हिराबाई सेतू. पण नावाच्या आधी 'सौ.' लिहिलंय."

"सौ?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "कचेरीत कुणाला तरी माहीत नसणार. मी उद्याच जातो. 'कै.' करून घेऊ, नाहीतर 'श्रीमती'. दोन अक्षरांचं काम आहे."

"माजा सासरा," ती म्हणाली, "त्यांचं लगीन होऊन वर्स नव्हतं झालं, माजा नवरा पोटात, तवा दर्यात गेला. होडी आली, तो नाय आला. देह पन नाय मिलाला, मानूस पन नाय मिलाला. लोक बोल्ले, कुकू पूस. सासू बोल्ली, दाखवा मला, मंग पुसते. सा म्हैने तशीच रायली, मंग पुसलं. पन तवर वाडीनं वालीत टाकली व्हती. कामाला कोन बोलवीना. तवा तीच होडी घेतली तिनं, आनि खाडीत घातली."

एक ट्रक गेला, कमान किंचित हादरली. वेणूमावशीनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि एकदम हसायला लागली. तोंडात दात नव्हते, पण हसू मोकळं होतं.

"मेल्यावर सरकारनं लावलं रं कुकू तिला," ती म्हणाली. मग हसू थांबलं. माझ्या दंडावरची तिची बोटं घट्ट झाली. "पन ती आसती ना, पेंटर, तर त्या सायबाला बोल्ली आसती, आदी त्याला पान्यातून काडा. मंग लिवा सौ."